खाजण पडीक ठरवणारे तुम्ही कोण?

वाशिम जिल्ह्यात समुद्र नाही. रिसोडपासून कारंज्यापर्यंत सगळा जिल्हा पालथा घाला, भरती-ओहोटी नावाची चीज सापडणार नाही. खारं पाणी पाहायचं तर शेजारच्या बुलडाण्यात लोणारला जावं लागतं, आणि तेही तळ्याचं. मग तिथल्या माणसानं खाजणावर कायले लिहावं? मुंबईचे दोस्त असं विचारतात. त्यांनी आपल्याच वस्त्यांतून, मानखुर्द-गोवंडीतून, घाटकोपरच्या हायवेकाठानं, एकदा लोकांची गावं विचारत फिरावं. जालना, बुलडाणा, अकोला, वाशिम. सोयाबीन बुडालं, मजुरी सुटली, की आमची माणसं येऊन पडतात ती जमीन पुष्कळदा एके काळचं खाजणच असते. माणूस कोरड्यातून उठतो आणि चिखलात येऊन पडतो. तेव्हा या चिखलाबद्दल बोलायचा हक्क आम्हाला आहे.

खाजण म्हणजे खाडीकाठची ती जमीन, जी भरतीला बुडते नि ओहोटीला उघडी पडते. पाण्याच्या बाजूला तिवरं, त्यांच्या मागं खारं गवत आणि जाड, मांसल पानांची खुरटी झुडपं. पाय टाकला तर घोट्यापर्यंत काळा चिखल, आणि त्याचा सडक्या अंड्यासारखा वास. पांढरपेशा माणूस इथं नाक दाबतो. हे नाक दाबणं आपल्या चांगलं ओळखीचं आहे.

महसूल खात्याकडं अशा जमिनीसाठी शब्द तयार असतात. पडीक. पोटखराब. ज्या जमिनीतून सारा निघत नाही, ती खराब. तिथं कोळी मासे-खेकडे धरतो, बाई शिंपल्या वेचते, गावाचं पुराचं पाणी तिथंच जिरतं, हे सातबाऱ्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. वाशिमकडं हाच शब्द आपण गायरानावर ऐकलाय. गायरान पडीक होतं तोवर कुणाला आठवत नव्हतं. आपल्या आज्या-पणज्यांनी ते खोदलं, दगडं वेचली, दोन पोती ज्वारी काढली आणि लगेच ते सरकारी झालं, आपण अतिक्रमणवाले झालो. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, लाखो माणसं तुरुंगात गेली, तेव्हा कुठं हा प्रश्न सरकारदरबारी पोचला. आणि आज? २०२२ मध्ये राज्यभरच्या गायरानांवरची दोन लाखांहून जास्त अतिक्रमणं हटवायची म्हणून प्रशासन कामाला लागलं, घराघरात नोटिसा गेल्या. त्याच २०२२ मध्ये वाशिमजवळच्या घोडबाभूळचं ३७ एकर गायरान एका खासगी माणसाला देण्याचा हुकूम तत्कालीन महसूल राज्यमंत्र्यांनी काढला. प्रकरण नागपूर खंडपीठात गेलं, हिवाळी अधिवेशनात गाजलं, म्हणून आपल्याला कळलं तरी. एका कुडाच्या घराला नोटीस आणि ३७ एकराला मंत्र्याची सही. हा हिशोब डोक्यात ठेवा आणि आता मुंबईला चला.

मुंबई ही भर टाकून केलेली गोष्ट आहे. सात बेटं, मधे खाड्या नि खाजणं. पायधुनी, उमरखाडी, खार, खारदांडा ही नावंच काय ते सांगतात. इंग्रजांनी बुजवलं, त्याबद्दल शाळेत धडा असतो. स्वातंत्र्यानंतर बुजवलं त्याचा धडा नसतो. वांद्रे-कुर्ला संकुल मिठी नदीच्या मुखाजवळच्या दलदलीवर उभं आहे. १९७७ पासून एमएमआरडीएनं ती जमीन तयार केली. तिथं बँका आल्या, शेअर बाजार आला, काचेचे बुरूज आले. त्यांना कुणी अतिक्रमण म्हणालं? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. भरतीची वेळ, नदीचं तोंड आवळलेलं, पाणी पसरायला जागा नाही. त्या आठवड्यात राज्यात हजाराच्या वर माणसं मेली. नंतर बोट कुणाकडं दाखवलं गेलं? मिठीकाठच्या झोपड्यांकडं. नदीवर विमानतळाची धावपट्टी आहे, नदीच्या मुखावर संकुल आहे, पण शहर बुडवलं ते म्हणे प्लास्टिकच्या पिशव्यांनी आणि झोपड्यांनी. आणि त्याच्या आधीच्याच हिवाळ्यात याच शहरानं ऐंशी हजारांहून जास्त झोपड्या पाडल्या होत्या, हे सोयीनं विसरलं गेलं. म्हणजे पाडलं तरी आम्हाला, बुडालो तरी आम्हीच, आणि आरोपीही आम्हीच.

मुद्दा नीट समजून घ्यायचा तर चित्ता कॅम्प पाहा. ट्रॉम्ब्याला जनता कॉलनी होती. शहरातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून उठवलेली माणसं पन्नासच्या दशकात खुद्द महापालिकेनं तिथं आणून वसवलेली. नंतर शेजारी अणुसंशोधन केंद्र वाढलं आणि त्याला ती जागा हवी झाली. आणीबाणीचे दिवस. मे १९७६ मध्ये पोलिसांच्या बंदोबस्तात सगळी वस्ती उठवली आणि खाडीकाठच्या दलदलीत नेऊन टाकली. त्या दलदलीचं नाव आज चित्ता कॅम्प. माणसांनी तिथं काय केलं असेल? जे कुणीही करील तेच. डबर आणलं, माती आणली, पाट्या डोक्यावर वाहिल्या, दर पावसाळ्यात जमीन हातभर उंच केली. खाजण बुजलं. आता सांगा, ते बुजवलं कुणी? ज्याच्या डोक्यावर पाटी होती त्यानं, की ज्याच्या हातात हुकूम होता त्यानं?

ही रीत फार कामाची आहे. गरिबाला खाजणात ढकला. तो स्वतःच्या घामानं भर टाकील. सरकारचा पैसा वाचेल, बिल्डरला पुढंमागं तयार जमीन मिळेल, आणि मधल्या काळात पर्यावरणाची नासाडी करणारा म्हणून दाखवायला एक काळा चेहरा हाताशी राहील.

धारावी याच रीतीतून झाली. मुळात माहीमच्या खाडीचा कोळीवाडा, बाकी दलदल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कातडी कमावण्याचे धंदे शहराबाहेर म्हणून तिथं गेले. वास येतो ना! कातडं कमावणारे कोण, तमिळ मुलखातले मुसलमान आणि दलित, आपल्याकडचे ढोर, चांभार. त्यांनी दलदल भरून जे उभं केलं ते आज शहराच्या मधोमध आलंय, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या शेजारी. त्यामुळं ती जमीन आता सोन्याची. पुनर्विकास आला. कंपनीत अदानी ८० टक्के, राज्य सरकार २० टक्के. १ जानेवारी २००० पूर्वीचा तळमजल्यावरचा माणूस पात्र. त्यानंतरचा, आणि माळ्यावर राहणारा, धारावीत अपात्र. त्याला धारावीबाहेर घर. बाहेर म्हणजे कुठं? ३० सप्टेंबर २०२४ ला राज्य मंत्रिमंडळानं कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंडच्या मिठागरांची २५५.९ एकर जमीन या भाड्याच्या घरांसाठी घ्यायला मंजुरी दिली. पुढच्याच महिन्यात देवनारच्या कचराभूमीची सव्वाशेच्या आसपास एकर जमीनही दिली. एक खार, दुसरा उकिरडा. गावकूस अजून आहे मित्रांनो, फक्त आता ते मंत्रिमंडळाच्या टिपणीत असतं.

यावर आपल्यातलेच काही जण म्हणतात, गरिबाला पक्कं घर मिळतंय ना, मग तुझ्या चिखलाचं काय घेऊन बसलास? फ्लेमिंगो मोठा की माणूस? हा सवाल कडक वाटतो, पण तो आपला नाही. आपल्या तोंडात घातलेला आहे. धारावीची सहाशेच्या आसपास एकर जमीन आहे. तिच्यात बाजारी विक्रीचे टॉवर बसतात, आणि माळ्यावरचा भाडेकरू मात्र बसत नाही? खार विरुद्ध घर असा सामना लावला की धारावीतल्या जमिनीचा वाटा कुणी किती घेतला हे विचारायचं राहूनच जातं.

दुसरी बाजूही ओळखून असा. मुलुंडमध्ये या लोकांना इथं आणू नका म्हणून रहिवाशांनी निदर्शनं केली. त्यांच्या फलकांवर मिठागर होतं, पाणी होतं, वाहतूक होती. काहींची काळजी खरी असेल. पण कान देऊन ऐकलं की 'हे लोक' हा शब्द कसा उच्चारला जातो ते कळतं. आपल्या बापाला विहिरीवर जो आवाज ऐकू आला, तोच. खाजण वाचवा म्हणत आपल्याला हाकलणारे आणि घर घ्या म्हणत आपल्याला खाजणात ढकलणारे, दोघांच्याही मिरवणुकीत आपलं काम नाही.

कोर्टाचंही असंच. ६ ऑक्टोबर २००५ ला मुंबई उच्च न्यायालयानं खारफुटी तोडायला बंदी घातली. २०१८ मध्ये निकाल आला की खारफुटीचा नाश हा जगण्याच्या हक्कावर घाला आहे. चांगला निकाल आहे, मी तो वाईट म्हणणार नाही, त्याच्यामुळं पुष्कळ किनारा वाचला. पण सार्वजनिक हिताचा प्रकल्प असला तर कोर्टाकडून परवानगी घेता येते. डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनला सुमारे २२ हजार तिवरं कापायची परवानगी मिळाली. झोपडपट्टी कधी सार्वजनिक हितात बसली, असं कुणी ऐकलंय का? तिच्यावर बुलडोझर येतो तो खारफुटीचंच नाव घेऊन.

मिठागराची गंमत आणखी वेगळी. किनारपट्टीच्या नियमांत खाजणाला, जिवंत चिखलाला वरच्या दर्जाचं संरक्षण आहे. पण २०१७ च्या पाणथळ नियमांनी मिठागरं पाणथळीच्या व्याख्येतूनच बाहेर काढली. माणसानं केलेली आहेत ना, म्हणून. म्हणजे खाजणाला आगऱ्यानं बांध घातला, वाफे केले, मीठ पिकवलं की ती जमीन पाणथळ उरत नाही. मग मीठ पिकवणं बंद पडू द्यायचं, खाडीचं पाणी आत येणं थांबलं की म्हणायचं, बघा, इथं आता भरती येतच नाही, कोरडी जमीन आहे. पूर्व द्रुतगती मार्गानं खाडी आणि जमीन यांच्यात आधीच भिंत उभी केलेली. अहो, भरती येत नसेल, पाऊस तर येतो? जुलैच्या पावसाला हीच सखल जमीन पाणी धरून ठेवते. तिच्यावर मजले चढवले की ते पाणी आजूबाजूच्या चाळींत, झोपड्यांत जाणार. आणि टॉवरच्या तळमजल्यावर जो अपात्र माणूस राहायला येईल, त्याच्याही घरात जाणार. याविरुद्धची जनहित याचिका २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं फेटाळली. पाण्यानं अजून निकाल दिलेला नाही.

आता त्या वासाकडं येतो. पर्यावरणावर बोलताना आपण शास्त्र दुसऱ्याच्या हवाली करतो, ते चूक आहे. झाड असो की गवत, हवेतला कार्बन घेऊन वाढतं. आमच्या रानात पाला पडला की एक-दोन पावसाळ्यांत कुजून जातो, त्यातला बराचसा कार्बन पुन्हा हवेत. खाजणात तसं होत नाही. चिखल पाण्यानं भरलेला, आत हवा जवळजवळ नाही, त्यामुळं मुळं नि पानं नीट कुजतच नाहीत. वरून दर भरती नवा गाळ आणून टाकते. थरावर थर, शेकडो वर्षांचा कार्बन खाली दाबला जातो. गोड्या पाण्याच्या दलदलीत मिथेन पुष्कळ निघतो, तो वायू तापमानाला आणखी वाईट. खाऱ्या पाण्यात सल्फेट असतं. ते खाणारे जंतू मिथेन बनवणाऱ्या जंतूंना वर येऊ देत नाहीत, आणि त्यांच्याच कामातून तो सडक्या अंड्यासारखा वास निघतो. ज्या वासानं नाक दाबतात, तो वास म्हणजे चिखल कामावर असल्याची खूण. एकरामागं हिशोब केला तर खाजण कोरड्या जंगलाच्या कितीतरी पट कार्बन जमिनीत पुरतं.

हेच खाजण खणलं, सुकवलं, की हवा आत शिरते आणि पुरलेला कार्बन बाहेर. उपग्रहांच्या चित्रांवरून केलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. २००० ते २०१९ या काळात जगातली सुमारे १,४५० चौरस किलोमीटर खाजणं कायमची गेली, असं त्यात निघालं. वाशिम जिल्ह्याच्या पाव भागाहून जास्त. त्यापायी दर वर्षी सुमारे १ कोटी ६० लाख टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. त्यात भर अशी की समुद्राची पातळी वाढतेय. मोकळं सोडलं तर खाजण गाळ धरून स्वतः उंच होतं, नाही जमलं तर जमिनीकडं मागं सरकतं. पण मागं रस्ता, भिंत, टॉवर असला तर सरकणार कुठं? पुढं समुद्र, मागं भिंत, मधल्या मधे मरतं. अशी कोंडी काय असते हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

आणि इथंच समुद्र वाशिमला येतो. आमच्या पैनगंगेवर जो पाऊस पडतो त्याची पुष्कळशी वाफ अरबी समुद्रावरून येते. समुद्र तापला की वाफ जास्त आणि तिचा काही नेम नाही. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या मुलखावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, असं हवामान शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये मांडलं. तीन आठवडे आभाळ कोरडं, मग एका रात्रीत वावर धुऊन नेणारा पाऊस. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन असंच पाण्यात सडलं, वाशिममध्येही. पंचनामा होतो तो सातबाऱ्यावर. ज्याच्या नावानं सातबाराच नाही त्या मजुराच्या बुडालेल्या दिवसांचा पंचनामा कोण करणार? तो गाडी धरतो. आणि गाडीतून उतरून पुन्हा त्याच खाजणाकडं जातो, जे बुजवल्यामुळं समुद्राचं तापणं आणखी थोडं वाढलंय. एकट्या मुंबईच्या चिखलानं वाशिमचा पाऊस बिघडला, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणारा थापाड्या. कोळसा जाळणाऱ्यांचा, तेल जाळणाऱ्यांचा वाटा त्याहून फार मोठा. पण फुकटात कार्बन पुरणारा मजूर मारून टाकायचा आणि मग परिषदा भरवून कार्बन कसा पुरावा यावर बोलायचं, याला काय म्हणावं?

आपल्या चळवळीला खार नवा नाही. अलिबाग तालुक्यात खारेपाटात चरी गाव आहे. तिथल्या कुळांनी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ संप केला. सहा हंगाम जमीन कसली नाही, लाकूडफाटा विकून जगले, पण खोताच्या दारात गेले नाहीत. नारायण नागू पाटील पुढारी होते, आणि बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे होते. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं त्याला या खाऱ्या मातीचा आधार होता. कुणी म्हणेल, खारेपाटातलं भात तरी बांध घालून, खाजण अडवूनच पिकत होतं ना? होय. पण त्या बांधाला उघाडी होती. पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं, भरती आत घुसू द्यायची नाही, बांध फुटला तर सगळ्या गावानं मिळून तो बांधायचा. खाडीशी रोजचा व्यवहार होता. सिमेंटच्या भरावाला उघाडी नसते.

तेव्हा मागणी दोन तोंडांची ठेवावी लागेल, आणि दोन्ही तोंडं एकाच वेळी उघडी ठेवावी लागतील. धारावीच्या माणसाला धारावीतच घर, माळ्यावरच्यालाही, २००० नंतरच्यालाही. मिठागर आणि कचराभूमी पुनर्वसनाच्या यादीतून बाद. जे आधीच चित्ता कॅम्पात, खाडीकाठी भर टाकून राहिलेत, त्यांना खारफुटीच्या नावानं हात लावायचा नाही. हलवायचंच असेल तर कोरड्या आणि जवळच्या जमिनीवर, त्यांना विचारून. कोळी, आगरी, मिठागरावरचे मजूर यांना सोबत घ्यावं लागेल, त्यांच्या आणि आपल्यातल्या जुन्या जातीच्या भिंती पाहून मागं फिरून चालणार नाही. पक्षी बघायला येणाऱ्यांशीही बोलावं, फक्त आधी त्यांना धारावीबद्दल त्यांचं म्हणणं काय ते विचारावं.

पहिलं काम कागदाचं आहे. कांजूर, भांडुप, मुलुंडच्या त्या २५५.९ एकरांचे गट नंबर, भरतीरेषेचे नकाशे, जमिनीची आजची उंची आणि भरावानंतरची उंची, भरावाची माती कुठून येणार, तुंबलेलं पाणी कुठं सोडणार, हे सगळं माहितीच्या अधिकारात मागवायचं. वाशिमच्या पोरांनी आपापल्या तालुक्यातल्या गायरानांची यादी मागवावी, कुणाच्या नावानं किती एकर चढलं ते पाहावं. अर्जाला दहा रुपयांचं तिकीट लागतं. दोन्ही याद्या हातात आल्या की याच पानांवर शेजारी शेजारी छापू.